गाभण कालवडींची मिरवणूक

घोडा माणसाला नेतृत्व शिकवतो. शारजाहून धैदकडे जाताना रस्त्यापासून थोडं आत एक फार्म आहे. त्याच्या दारात हे वाक्य लाकडी फळीवर सोनेरी अक्षरांत कोरलेलं आहे, इंग्रजीत आणि अरबीत. फळीच्या खाली एक नळ आहे. पहिले कित्येक आठवडे मी त्या नळावर घमेली धुतली.

फार्मचे मालक, म्हणजे अरबाब, यांच्याकडे गायीही होत्या आणि घोडेही. गायी दूध देत आणि घोडे ते दूध विकून आलेलं सगळं खात. घोड्यांनाही काही काम असावं असं अरबाबांना वाटलं, म्हणून त्यांनी एक प्रशिक्षक नेमली. बाई ऑस्ट्रेलियातली, उन्हानं भाजलेली, शब्दाला पक्की. तिनं एक ‘वर्किंग इंटर्नशिप’ काढली. रोज पहाटे यायचं, तबेला झाडायचा, गोठ्यात मदत करायची आणि त्या बदल्यात घोड्यावर बसायला आणि घोड्यावरून गुरं हलवायला शिकायचं. पगार नाही. टोपी मिळेल.

विमा कंपनीत मी ज्या खात्यात होते ते त्याच सुमारास बंद होऊन माझी नोकरी गेली होती. चाळिशी उलटलेली, अल नहदातल्या फ्लॅटच्या बाल्कनीतून समोरच्या टॉवरची बाल्कनी बघत बसायचं, एवढंच काम उरलं होतं. मी अर्ज केला.

“लोक गावाकडचं शेण सुटावं म्हणून गल्फमध्ये येतात,” नवरा म्हणाला. “तू पेट्रोल जाळून शेणाकडे निघालीस.”

मुलीनं फोनवरून नजर न उचलता विचारलं, “आई, इज द हॅट ॲट लीस्ट नाइस?”

टोपी बरी होती. डोक्याला मोठी होत होती.

शिकवलं मात्र खरं. गुराभोवती एक अदृश्य रिंगण असतं. तुम्ही त्याच्या आत पाऊल टाकलं की जनावर हलतं. खांद्याच्या मागून आत शिरलात तर ते पुढे जातं, खांद्याच्या पुढून शिरलात तर थांबतं किंवा वळतं. ते हललं की तुम्ही लगेच मागे सरायचं, म्हणजे त्याला कळतं की आपण केलं ते बरोबर होतं. बाई याला ‘संवाद’ म्हणत. गोठ्याचे सुपरवायझर याला “जरा बाजूला व्हा” म्हणत.

हे सुपरवायझर श्रीरामपूरकडचे. डेअरीची पदवी घेतलेले, आवाज मोठा, मत त्याहून मोठं. घोड्यांबद्दल त्यांना काडीचा आदर नव्हता.

“फोटोला बरं असतं ते जनावर,” ते मला म्हणत. “आमच्या गायी बघा. ह्या विमानातनं आल्यात, मॅडम. आमच्या घरात सगळ्यात आधी विमानात बसली ती गाय.”

मला दिलेला घोडा करडा-पांढरा, लांब पल्ल्याच्या शर्यतींतून निवृत्त झालेला. या शर्यती वाळवंटात होतात आणि घोड्यांच्या बाजूनं मालकांच्या गाड्या धावतात. खिडकीतून पाण्याच्या बाटल्या पुढे येतात, थांब्यावर चारा मिळतो. माझ्या घोड्याची अनेक वर्षं यात गेली होती. फार्मवरचा पिकअप दिसला की त्याचे कान ताठ व्हायचे. तो पिकअप चालवायचा एक पेशावरी माणूस, सगळे त्याला लाला म्हणत. रोज सकाळी हौद्यात लसूणघासाचे भारे टाकून तो गोठ्याकडे यायचा आणि वळणावर दोनदा हॉर्न द्यायचा. मग अख्खा गोठा हंबरायचा.

सराव आम्ही दूध आटलेल्या म्हाताऱ्या गायींवर करत होतो. त्यांना रस्ता इतका पाठ झाला होता की आम्ही घोड्यावर चढायच्या आतच त्या निघायच्या. संवाद उत्तम चालला होता.

मग अरबाबांनी पाहुणे बोलावले. हिवाळ्यातली सुट्टीची सकाळ, दोन बसगाड्या भरून माणसं, नाश्ता आणि आमचं प्रात्यक्षिक. मागच्या कुरणातून गुरं हाकत आम्ही पाहुण्यांसमोरच्या रिंगणात आणायची. बाईंनी यादीत म्हाताऱ्या गायींची नावं घातली. सुपरवायझर उखडले.

“अरबाबच्या पाहुण्यांसमोर ह्या? गुडघ्याला घट्टे पडलेत त्यांच्या. माझ्या कालवडी न्या.”

त्या कालवडी म्हणजे फार्मवरच जन्मलेली पहिली पिढी. काळ्यापांढऱ्या, तुकतुकीत, सगळ्याच्या सगळ्या पहिलटकरणी, सातव्या महिन्यात गाभण. सुपरवायझरनी त्यांना बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. बाईंनी विचारलं, गाभण जनावरं मिरवणुकीत कशाला? ते म्हणाले, “वॉकिंग इज गुड फॉर देम, मॅडम. ओन्ली वॉकिंग.” आदल्या दिवशी त्यांनी कालवडींना शाम्पूनं आंघोळ घातली.

मला मात्र बाजूला घेऊन मराठीत सांगितलं. “पळवायच्या नाहीत. एक जरी घसरून पोटावर पडली तर वासरू गेलं समजा. कदाचित तीही.”

“पण त्याच पळाल्या तर?”

“त्या नाही पळत. तुम्ही पळवू नका.”

त्या सकाळी धुकं होतं. इथलं हिवाळी धुकं समुद्राकडून येतं आणि वाळूवर बसून राहतं. घोड्याच्या मानेपलीकडे जरा नीट दिसत होतं, त्यापुढे दूध. कालवडी कुरणातून निघाल्या त्या अगदी शहाण्यासारख्या. मी डाव्या अंगाला होते, आणखी दोन शिकाऊ उजवीकडे. सुपरवायझर पायी मागून येत होते. रिंगणाकडे जाणारी वाट पुढच्या फाटकाला समांतर जाते. ते फाटक एरवी कायम बंद असतं. आज बसगाड्यांसाठी सताड उघडं होतं. त्याच्यापुढे फार्मचा कच्चा रस्ता आणि त्याच्या टोकाला हमरस्ता. त्या हमरस्त्यावरून खाणीतली खडी भरलेले डंपर दिवसरात्र जातात.

आम्ही फाटकाच्या बाजूला पोचलो तेव्हा बाईंनी ध्वनिक्षेपक तपासायला घेतला. कर्णा नेमका आमच्या कानाशी होता, धुक्यात कुणाला दिसला नव्हता. आधी एक कर्कश शिट्टी फुटली. मागोमाग बाईंचा आवाज आला, “हिअर, वी वर्क इन सायलेन्स.”

कालवडी उधळल्या. एकदम, सगळ्या, एकाच दिशेला. उजवीकडचे दोन घोडे दचकून मागे सरले आणि फाटकाची वाट मोकळी झाली. काही क्षणांत फाटकाबाहेर फक्त खुरांचा आवाज उरला.

मी टाच मारली. शिकलेलं सगळं त्या क्षणी वाहून गेलं. जनावर पळालं की त्याच्या मागे धावायचं, एवढंच डोक्यात होतं. घोडा दौडत निघाला. समोर काळेपांढरे पुठ्ठे उसळताना दिसले आणि मी जवळ जावं तसे ते आणखी जोरात उसळायला लागले. एकीचा मागचा पाय वळणावर सरकला, ती गुडघ्यावर गेली आणि उठली. पुढे कुठेतरी डंपरनं गिअर बदलल्याचा आवाज आला.

“मागं जाऊ नका!” धुक्यातून सुपरवायझरचा आवाज आला. फाटलेला. “ताई, मागं जाऊ नका! बाजूनं! पुढं जा, बाजूनं!”

इतके दिवस ते मला मॅडम म्हणत होते.

मी लगाम ओढला. त्यांना काय म्हणायचं आहे ते मला कळत होतं, तेच तर आम्ही शिकत होतो. मी मागे होते म्हणून त्या पळत होत्या. त्यांना थांबवायचं तर त्यांच्यापुढे जायला हवं आणि पुढे जायचं तर लांबून, त्यांच्याभोवतीच्या त्या अदृश्य रिंगणाच्या पार बाहेरून, म्हणजे त्यांच्यापासून दूर. म्हणजे धुक्यात त्यांना नजरेआड सोडून द्यायचं आणि आपण भलतीकडे जायचं.

मी घोडा डावीकडे वाळूत घातला. चार उड्यांत कालवडी दिसेनाशा झाल्या. खुरांचा आवाजही मऊ होत गेला आणि मग मला तो नीट ऐकू येईना. त्या थांबल्या होत्या, की इतक्या पुढे गेल्या होत्या, की माझ्याच घोड्याच्या श्वासात बुडल्या होत्या, कळायला मार्ग नव्हता. गाफची झाडं अचानक समोर यायची आणि बाजूनं निघून जायची. हमरस्ता उजवीकडे असणार, असं मी धरून चालले होते. ते चुकलं असतं तर मी वाळवंटात एकटी फिरत बसले असते आणि त्या रस्त्यावर गेल्या असत्या. मला पुन्हा पुन्हा वाटत होतं की वळावं, निदान बघावं. घोडा शर्यतीच्या जुन्या सवयीनं एका लयीत पळत होता. मला ती लय मोडायची हिंमत झाली नाही.

मग पायाखाली खडी वाजली. कच्चा रस्ता. मी घोडा थांबवला, रस्त्यावर आडवा उभा केला. माझ्या पाठीमागे हमरस्ता इतका जवळ होता की डंपर गेला की त्याचा वारा मानेला लागत होता. पिवळे दिवे धुक्यात उगवायचे आणि विझायचे. समोर काहीच नव्हतं.

उशीर झाला असेल, असं वाटलं. त्या माझ्याआधीच इथून गेल्या असतील तर? मी मागे बघायचं टाळलं. धाडकन आवाज झाला असता तर बघावंच लागलं असतं.

आधी श्वास ऐकू आला. मग एक ओला, काळा जबडा धुक्यातून बाहेर आला. पुढची कालवड चालत होती, दुडकी नाही, चालत. मी मागून सुटले तशा त्या हळू झाल्या होत्या. तिनं मला पाहिलं आणि थांबली. तिच्यामागे बाकीच्या येऊन थांबल्या, एकमेकींच्या पाठीवर माना ठेवून.

ओरडायचं नाही. हात हलवायचा नाही. टोपी तर अजिबात हलवायची नाही. टोपी तोवर पडलेलीच होती. पुढची कालवड डावीकडे सरकली, मी घोड्याला एक पाऊल डावीकडे नेलं. ती थांबली, मी सैल सोडलं. ती उजवीकडे सरकली, मी उजवीकडे. तिच्या पोटाची बाजू भात्यासारखी हलत होती. पाठीमागून डंपरनं हॉर्न दिला आणि सगळा घोळका शहारला, पण माझ्याकडे आला नाही.

इतपत जमलं. पण त्यांना मागे कसं फिरवायचं ते मला सुचेना. त्या मागे फिरत नव्हत्या आणि मी पुढे गेले असते तर पुन्हा फुटल्या असत्या. मी नकळत लगाम आवळत चालले होते. ते घोड्याला कळलं असणार, कारण तो जागच्या जागी पाय आपटू लागला. आणखी थोडा वेळ गेला असता तर आधी घोडा हलला असता.

तेव्हा फार्मच्या बाजूनं, कालवडींच्या मागून, दोनदा हॉर्न वाजला.

सगळ्या माना एकदम वळल्या. धुक्यातून लालाचा पिकअप आला, गोगलगायीच्या चालीनं, हौद्यात हिरवेगार भारे, आणि शेवटच्या भाऱ्यावर सुपरवायझर, हातानं घास उधळत, कालवडींना नावानं हाका मारत. लालानं गाडी कडेच्या वाळूत घालून हळूच वळवली आणि फार्मकडे तोंड केलं. कालवडी निघाल्या. चालत. त्यांच्या मागून मी, असं मला वाटलं होतं.

घोड्यानं आधी कान ताठ केले. मग मान खाली घातली. मी दोन्ही हातांनी लगाम ओढला, नाव घेऊन विनवलं, शिव्या दिल्या. त्याला लांब पल्ल्याची शर्यत आठवली होती. घोळक्याला बाजूनं वळसा घालून तो सरळ पिकअपपाशी पोचला.

“मॅडम, लगाम छोड़ दो,” लाला खिडकीतून म्हणाला. “ये मेरा पुराना यार है.”

“तुमचं घोडं तेवढं आवरा!” सुपरवायझर भाऱ्यावरून माझ्यावर ओरडले. पण त्यांची नजर माझ्याकडे नव्हती, मागच्या कालवडींच्या पायांकडे होती. ते पुटपुटत एकेक मोजत होते.

सगळ्या होत्या.

पुढचे कित्येक दिवस ते गोठ्यात प्रत्येकीच्या मागे उभे राहून शेपटी बाजूला करून गाभ टाकल्याची खूण तर नाही ना, ते बघत होते. गुडघ्यावर पडलेली जी होती तिच्यापाशी त्यांनी खाट टाकली. कालवडींना मिरवणुकीत न्यायची कल्पना कुणाची होती, हा विषय आमच्यात कधीच निघाला नाही. वेळ भरल्यावर कालवडी एकामागून एक व्याल्या. पडलेली सगळ्यात शेवटी. तिची कालवड झाली तेव्हा त्यांनी मला फोन केला. “या बघायला, ताई,” म्हणाले. “घोडं नका आणू.”

प्रात्यक्षिकाच्या त्या सकाळी आम्ही फाटकात शिरलो तेव्हा कालवडी उधळायच्या आधीच आत येऊन उभी राहिलेली पाहुण्यांची पहिली बस समोर होती आणि खिडक्यांतून फोन बाहेर आले होते. त्यातलाच एक व्हिडिओ फार्मनं, पुढचा पिकअप कापून, आपल्या पानावर टाकला. धुक्यातून पांढरा घोडा येतो, त्यावर बोडक्या डोक्याची एक बाई ताठ बसलेली आहे, आणि मागोमाग कालवडी शिस्तीत चालत येतात. खाली दारातल्या फळीवरचं तेच वाक्य आहे, सोनेरी अक्षरांत.

घोड्याचं तोंड व्हिडिओत दिसत नाही. ते पिकअपच्या हौद्यात होतं.