शॉकवाला टॉर्च आणि आम्ही तिघी

आमच्या लॅबमधले किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. सकाळची कामं उरकून आम्ही परत येतो, आइसबॉक्स खाली ठेवतो, चहा येतो, आणि कोणीतरी म्हणतं, "आज काय झालं माहितीय?" झालं! असे ते साठतच जातात. ऐकणारे हसतात. आम्हीही हसतो, पण आमचं हसू चहा संपेपर्यंतच टिकतं.

परळला आमची छोटीशी लॅब आहे. मी, रेखाताई आणि अस्मिता, तिघींचं काम होम कलेक्शनचं. म्हणजे सकाळी उपाशीपोटी बसलेल्या लोकांच्या घरी जाऊन रक्त काढून आणायचं. लालबाग, दादर, गिरगाव, वरळी, जिथून फोन येईल तिथे. थोडक्यात, अनोळखी घरात एकटीने शिरायचं आणि अनोळखी माणसाचा हात हातात घ्यायचा. माझ्या आईला मी हे काम कधी अशा शब्दांत सांगितलेलं नाही.

*

टॉर्चचं प्रकरण सुरू झालं ते अस्मितामुळे. अस्मिता पंचविशीची, वरळीला बीडीडी चाळीत आईबरोबर राहते. घर तिच्याच पगारावर चालतं.

गिरगावातल्या एका चांगल्या बिल्डिंगमध्ये ती एका काकांचं रक्त काढायला गेली होती. काका साठीचे, एकटे राहणारे, बोलायला गोड. रक्त काढून झालं, ती बॅग आवरायला लागली. तेवढ्यात काकांनी दाराला कडी लावली, खुर्ची ओढली आणि दाराला पाठ लावून बसले. म्हणाले, "बस की. एवढी काय घाई आहे?"

ती उभीच राहिली. ते बोलत राहिले. तिचं गाव कुठलं, लग्न का नाही झालं, चाळीत राहून कंटाळा येत नाही का. पुष्कळ वेळाने उठले, कडी काढली आणि म्हणाले, "जा आता."

अस्मिताने येऊन आमच्या मालकांना, म्हणजे सरांना, सांगितलं. सरांनी विचारलं, "हात लावला का त्याने?"

"नाही."

"काही घाणेरडं बोलला?"

"नाही."

"मग?"

पेशंट जुना होता, तो तसाच राहिला. अस्मिताचे पाय मात्र कोणाचा उंबरा ओलांडेनात. सरांनी तिला बुकिंगच्या फोनवर बसवलं आणि बजावलं, "हा महिना बस. पुढच्या महिन्यात फील्डवर जायचं, नाहीतर दुसरीकडे बघ."

म्हणून आम्ही ठरवलं, शॉक देणारा टॉर्च घ्यायचा. तो हातात असला की पोरगी बाहेर पडेल.

*

पहिला ऑनलाइन मागवला. फोटोत काळा दिसत होता. आला तो गुलाबी! लिपस्टिकएवढा, वर नाजूक फुलं, टोकाला साखळी.

रेखाताई आमच्यात मोठ्या, लालबागच्या. राग आला की थेट मालवणीवर येतात. टॉर्च उलटसुलट करून म्हणाल्या, "ह्यां बघून तो हसान हसान मरतलो. तेवढोच उपेग!"

परत पाठवला. परत करण्याचं कारण विचारलं होतं. अस्मिताने 'रंग आवडला नाही' वर टिक केली, कारण जवळपास जाणारं दुसरं कारणच तिथे नव्हतं.

*

मग दादरला दुकानात गेलो. दुकानदाराने काउंटरवर चार-पाच टॉर्च मांडले आणि विचारलं, "कुत्र्यांसाठी हवाय की माणसासाठी?"

"माणसासाठी," मी म्हटलं.

"ओळखीचा की अनोळखी?"

रेखाताई भडकल्या. "ओळखीच्यांचा मॉडेल वेगळा येता काय?"

"नाही ओ ताई, मॉडेल सेमच," तो म्हणाला. "पण ओळखीचा असला की बायका दुसऱ्या दिवशी परत करायला येतात. वापरलेला माल आम्ही परत घेत नाही!"

*

शेवटी एक काळा, मुठीत मावणारा पसंत पडला. पुढे दिवा, बाजूला लॉक, अंगठ्याखाली शॉकचं बटण. दुकानदाराने दाबून दाखवला. चर्रर्र आवाज झाला आणि शेजारी बल्ब घ्यायला आलेला माणूस बल्ब न घेताच गेला.

"नुसता टेकवून उपयोग नाही," दुकानदार सांगत होता. "अंगाला लावून तीन-चार सेकंद धरून ठेवायचा."

अस्मिता पहिल्यांदाच बोलली. "म्हणजे तो तेवढा जवळ आलेला पाहिजे?"

"अर्थात!"

"मी तो जवळ येऊ नये म्हणून घेतेय," ती म्हणाली.

दुकानदाराने बिलबुक पुढे ओढलं. मग म्हणाला, "बरं, बिल कोणाच्या नावावर करू?"

*

अस्मिताच्या हातात द्यायच्या आधी तो आम्ही दोघींनी वापरून बघायचा ठरवला. पहिली पाळी रेखाताईंची.

आमच्या धंद्यात एक सवय असते. म्हाताऱ्या माणसांच्या नसा सापडत नाहीत, तेव्हा हातावर टॉर्च मारून शोधतात. परळला एका आजींच्या घरी रेखाताईंनी सवयीने बॅगेतून हाच टॉर्च काढला. दंडाला पट्टा बांधला, कोपरापाशी उजेड पाडला आणि अंगठा सरकला भलत्या बटणावर. लॉक लावायचं राहिलं होतं. चर्रर्र!

टॉर्च हातापासून वीतभर लांब होता म्हणून बरं. रेखाताई किंचाळल्या. आजी मात्र शांत. त्यांनी तो काय आहे, कशाला आहे, सगळं नीट विचारून घेतलं. मग रेखाताईंच्या कानाशी येऊन म्हणाल्या, "मला पण एक आणून दे गं. रविवारी मुलगा येतो, कागदांवर सह्या मागायला."

रेखाताईंनी हा किस्सा आम्हाला हसवायला सांगितला होता. सांगून झाल्यावर त्यांनी टॉर्चचं लॉक दोनदा तपासलं.

*

माझ्या पाळीत मी वरळीला एका टॉवरमध्ये गेले. गेटवर सिक्युरिटीने बॅग उघडून बघितली. सुया चालल्या, ट्यूब चालल्या, टॉर्चवर त्याचं बोट थांबलं.

"मॅडम, हा वर नाय नेता येणार. इथेच ठेवा."

"अहो, माझ्या सेफ्टीसाठी आहे तो!"

"आमचा पण रूल सेफ्टीसाठीच आहे," तो म्हणाला. "वरच्या लोकांच्या!"

त्याने मला टोकन दिलं. टॉर्च त्याच्या केबिनमध्ये सुरक्षित राहिला आणि मी एकटी वर गेले.

*

टॉर्च घरी चार्जिंगला लावला होता तेव्हा आमच्या ह्यांनी विचारलं, हे काय? सांगितलं. हे हसले. म्हणाले, "या वयात तुला कोण काय करणार आहे?"

मी तो रात्रभर फुल चार्ज केला!

*

महिना संपत आला तेव्हा अस्मिताला पहिली व्हिजिट दिली. मुद्दाम जवळची, लॅबच्या मागच्या गल्लीत, एका रिटायर्ड शिक्षिकेची. टॉर्च तिच्या हातात दिला. लॉक कसं काढायचं ते दोनदा दाखवलं. रेखाताई म्हणाल्या, "जा बाय, बिनधास्त जा."

ती पंधरा-वीस मिनिटांनी परत आली. आइसबॉक्स रिकामा. "घरी कोणी नव्हतं," म्हणाली.

ती टेबलापाशी पोचायच्या आत फोन वाजला. मीच उचलला. त्या बाई बोलत होत्या. "तुमची मुलगी आली होती हो. मी दाराच्या भिंगातून बघत होते. बेल वाजवेल म्हणून थांबले, तर ती हातात टॉर्च धरून नुसती उभी. काही झालंय का तिला?"

मी म्हटलं, "नाही हो. नवीन आहे."

अस्मिता आमच्याकडे पाच वर्षं आहे. मला त्या दिवशी त्या टॉर्चचा फार राग आला.

*

आज अस्मिता फील्डवर आहे. रोज जाते, गिरगावातसुद्धा जाते. सर सगळ्यांना सांगतात, "टॉर्चने कॉन्फिडन्स आला तिला!" आम्ही मान डोलावतो. तो खरा आला त्या दिवशी सर लॅबमध्ये नव्हते.

त्या दिवसाच्या आदल्या दुपारी, अस्मिता अजून बुकिंगवरच असताना, फोन वाजला. अस्मिताने उचलला. ऐकता ऐकता तिने स्पीकर चालू केला. गिरगावचे काका होते. अस्मिताचा आवाज त्यांनी ओळखला नव्हता.

"कोलेस्टेरॉलची टेस्ट करायची आहे," काका म्हणाले. "मागच्या वेळी आलेली तीच मुलगी पाठवा. हात हलका आहे तिचा."

रेखाताई फोन हिसकावून घ्यायला उठल्या. अस्मिताने हातानेच त्यांना थांबवलं.

"काका, शुगरची गोळी वगैरे घेता का?" तिने विचारलं.

"छे! ठणठणीत आहे मी."

"मग रात्री जेवणानंतर काही खाऊ नका. उद्या सकाळी सातला तीच येईल."

सकाळी मी आणि रेखाताई आपापल्या व्हिजिट करून आलो. अस्मिता फोनपाशी बसलेली. गिरगावला कोणीच गेलं नव्हतं.

काकांचा फोन आला. "अहो, अजून आली नाही ती मुलगी!"

"निघालीय काका. काही खाल्लं नाही ना?"

"नाही."

"व्हेरी गुड. आता काही खाऊ नका."

पुन्हा फोन. ट्रॅफिक आहे काका. पुन्हा फोन. खाली पार्किंग बघतेय काका. रेखाताई तोंडात पदर कोंबून बसल्या होत्या. मला हसू येत नव्हतं. अस्मिता इतक्या गोड आवाजात बोलत होती की मला तिची थोडी भीतीच वाटली.

दुपार झाली. कितीतरी दिवसांनी अस्मिताने डबा उघडला. चपाती, बटाट्याची भाजी, तिच्या आईच्या हातची सुक्या बोंबलांची चटणी. तेवढ्यात फोन. काकांचा आवाज पार खाली गेलेला.

"बाई, गरगरतंय हो. निदान अर्धा कप चहा घेऊ का?"

अस्मिताने घास नीट चावून गिळला.

"नको काका," ती म्हणाली. "रिपोर्ट चुकीचा येईल!"