फुलामावशीचा एक रविवार

आधीच सांगते, या गोष्टीत माकडापेक्षा जास्त माकडपणा मी केलाय. मी उज्वला. गंगापूर रोडला राहते, एका शाळेत क्लार्क आहे, आणि दर रविवारी चाळीस माणसांना डोंगरावर घेऊन जाते. "कचरा करू नका" हे मी इतक्यांदा बोलते की आमच्या ग्रुपमधला हर्षल माझी नक्कल करून टाळ्या मिळवतो. मेल्याला हुबेहूब जमते, याचाच जास्त राग येतो!

पण गोष्ट माझी नाही, फुलामावशीची आहे. सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर, भोरकड्याच्या पायथ्याला तिचं घर. वय साठीच्या आसपास, उंची माझ्या खांद्याएवढी आणि आवाज पार दुसऱ्या डोंगरापर्यंत जाणारा. तीन वर्षांपूर्वी आमच्यातल्या कुणीतरी तिच्या ओट्यावर बसून जेवायला मागितलं, तिने नागलीची भाकरी, उडदाची डाळ आणि खुरासणीची चटणी वाढली, आणि तिथून तिची खानावळ सुरू झाली. त्याआधी दर वर्षी दिवाळी झाली की घराला कुलूप लावून ती द्राक्षबागेच्या कामाला जायची, ती थेट उन्हाळ्यात परत यायची. बागेतल्या ताडपत्रीखाली आयुष्यातले अर्धे हिवाळे गेले, असं ती हसत सांगायची. मला नाही हसू यायचं.

तर यंदा पावसाळा सरता सरता सरपंच नवनाथची गाय मेली. पोटातून ही एवढी प्लास्टिकची गुंडाळी निघाली, आणि त्यात वेफर्सची पाकिटं. गावात पाकिटं कोण आणतं? आम्ही! गावाने बैठक घेतली आणि डोंगराची वाट आमच्यासारख्यांना बंद करायची ठरवली. नवनाथ मावशीचा सख्खा भाचा, पण गाय त्याचीच गेलेली. तो ऐकेना. तेव्हा मावशी भर बैठकीत उभी राहिली.

"एक रविवार द्या. सांजच्याला वर जाऊन बघा. एक कागद जरी डोंगरावर राहिला, तरी चूल मी माझ्या हातानं इझवीन. मंग मी आन माझी बाग."

तो रविवार आला. मावशीने आदल्या दिवशीच पळसाची पानं टाचून ढीगभर द्रोण करून ठेवले होते. आम्ही गाडीतून उतरलो तशी ती ओट्यावर उभी.

"पिशव्या उघडा! समदं बाहीर!"

बिस्किटं, चिवडा, चिक्की, सगळं पाकिटातून द्रोणात. वर दुसरं पान आणि वाखाच्या दोरीने आवळून गाठ. रिकामी पाकिटं तिच्या गोणीत. हर्षलने परदेशी खाऊची वडी काढली तर ती हुंगून म्हणाली, "साबण कशाला खातो रं?" अख्खा ग्रुप हसून लोळला. आरोही म्हणून आमची एक डॉक्टरीणबाई आहे, ती तर पानाच्या पुड्यांसोबत फोटोच काढत बसली.

आणि मी? मी क्रीमच्या बिस्किटांचा पुडा मोज्यात सरकवला. का, विचारू नका! चिवड्यात मिसळलेलं बिस्किट मला चालत नाही, आणि मी लीडर, मला कोण तपासणार? लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

आता मावशीच्या त्या झकास व्यवस्थेत एकच खोट होती. बंद पाकिटाला वास नसतो, पानातल्या चिवड्याला असतो. वीस मिनिटं चढून आम्ही उंबराखाली टेकलो, आणि माकडांची वरातच उतरली! एकाने हर्षलचा पुडा हातातून घेतला, गाठ माणसासारखी सोडली आणि त्याची वडी चावून त्याच्याच अंगावर थुंकली. लोक हसताहेत, किंचाळताहेत, पळताहेत. मीही पळाले, आणि मोज्यात चुरचुर वाजलं. एका थोराड माकडिणीने माझा पाय धरला, पुडा उपसला आणि ती उंबरावर गेली. मधलं क्रीम चाटून एकेक बिस्किट तिने माझ्या डोक्यावर टाकलं. कागद मात्र वरच, फांदीच्या बेचक्यात अडकून राहिला. कुणी पाहिलं नव्हतं. मी केसांतला चुरा झटकला आणि पुढे निघाले.

पुढे सुळक्यापर्यंत गेलो ते रिकाम्या पोटी. चाळीस भुकेली माणसं खाली येऊन मावशीच्या भाकऱ्यांवर अशी तुटून पडली की तिला शेजारणीकडून पीठ आणावं लागलं. ती नुसती आनंदाने फुलली होती. "उज्वला, वर काय राह्यलं का गं?"

"छे," मी म्हणाले. आणि पटकन आणखी डाळ मागून घेतली.

चार वाजता नवनाथ आणखी चौघांना घेऊन वर गेला. त्यांनी झुडपं धुंडाळली, दगड उलटवले. झाडावर कोण बघतंय? उतरून आला तेव्हा त्याचे हात रिकामे होते. "आत्या, जिंकली तू!"

मग काय विचारता! मावशीने माझे दोन्ही हात धरले आणि फुगडी सुरू केली. साठीची बाई, पण काय वेग! घर फिरतंय, डोंगर फिरतोय, सगळे टाळ्या वाजवताहेत, आणि तिचा तो तोंडभर हसरा चेहरा तेवढा माझ्यासमोर स्थिर. मला सहनच होईना.

"मावशी, थांबा! उंबरावर माझा कागद आहे!"

टाळ्या थांबल्या. मावशीने हात सोडले, मी धपकन बसले. ती तशीच आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन चुलीपाशी उभी राहिली. ती दिलेला शब्द पाळणार होती. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मी ओरडले, "अहो, सांज कुठे झालीय अजून? ऊन आहे!"

सगळ्यांनी पश्चिमेकडे पाहिलं. नवनाथनेही पाहिलं. मग म्हणाला, "हाय थोडं. पळा!"

मावशीने तांब्या टाकला, वळचणीचा आंबे उतरवायचा झेला ओढला आणि अनवाणी सुटली. तिच्यामागे नवनाथ, त्याच्यामागे तट्ट जेवलेली चाळीस माणसं, कुणी ढेकर देतंय, कुणी पोट धरून हसतंय. उंबराखाली पोचलो तर झेला हातभर कमी! हर्षलने मावशीला खांद्यावर घेतलं, नवनाथने मागून आधार दिला, आणि वर बसलेली माकडीण हा तमाशा मान वाकडी करून बघत होती. एकदा हुकला, दोनदा हुकला. तिसऱ्यांदा कागद झेल्यात पडला. ऊन अजून शेंड्यावर होतं!

नवनाथने कागद खिशात घातला. "वाट उघडी. समद्यांना. फकस्त या बाईला सोडून. हिनं तीन महिने खाली बसून पुडे बांधायचे."

हर्षलने एवढ्या जोरात शिट्टी मारली की माकडं पळाली. मीही हसत सुटले. शिक्षेचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

मावशी मात्र खांद्यावरून उतरली तशी मटकन खाली बसली आणि पदर तोंडावर घेऊन रडायला लागली. मी जवळ गेले, म्हटलं, मावशी, मारा मला. तिने खरंच पाठीत एक धपाटा घातला. मग माझा हात घट्ट धरून म्हणाली, "आवंदाबी थंडीत मी घरीच असंन गं. माझ्या घरी."