खोक्यातून आलेली गाडी

भाई गेल्याचा फोन शाळेत आला तेव्हा मी पाचवीच्या वह्या तपासत होते. हेडमास्तर म्हणाले, "बाई, थांबा, डिचोलीपर्यंत कोणीतरी सोबत येईल." मी थांबले नाही. कुबडी गाडीत मागे टाकली आणि केरीहून स्वतःच निघाले. वाटेत गाडी बाजूला घेऊन रडले, डोळे पुसले, पुन्हा निघाले. लहानपणीच पोलिओने एक पाय निकामी झालेली बहीण भावाच्या मयताला स्वतः गाडी हाकत आली, हे त्याला नक्की आवडलं असतं. तो गेल्याला आता महिना होऊन गेला...

भाई माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. शिरगावच्या खाणीवर ट्रक दुरुस्त करायचा. तोंडाने फटकळ, कामाला हट्टी. गोवा घटक राज्य झालं त्याच सुमारास मला केरीच्या शाळेत नोकरी लागली. बसचा कंडक्टर माझी कुबडी पाहिली की घंटी मारून बस पुढे काढायचा. हे कळल्यावर भाईने पुण्याच्या कुठल्याशा लहान कारखान्यातून घरी जोडायच्या गाडीची दोन खोकी मागवली. एकात लोखंडी नळ्यांचा सांगाडा, दुसऱ्यात फायबरची बॉडी. इंजिन भंगारातलं. हाताने चालणारा ब्रेक आणि क्लच त्याने स्वतः बसवला. वाड्यावरची माणसं म्हणाली, "खोक्यातसून इली, खोक्यातच परत जातली."

हसणारे अगदीच चुकले नव्हते. चार वर्षांत खाऱ्या वाऱ्याने पुढच्या चाकांचे बुश, म्हणजे बोल्टभोवतीचं हादरे गिळणारं रबर, खाऊन टाकलं आणि बोल्ट रबराच्या आतल्या नळीत गंजून चिकटले. वळणावर स्टिअरिंग हातात राहीना. तेल सोडून झालं, हातोडा मारून झाला, बोल्ट ढिम्म. गॅसच्या ज्योतीने कापणं पाच मिनिटांचं काम, पण वर फायबर; गाडीच पेटायची. मी वैतागले. म्हटलं, "घाल ती भंगारात. जाईन मी बसने." गाडीखालून उत्तर आलं, "आणि तुका चढवतलो कोण? तो कंडक्टर?" मग त्याने हॅक्सॉचं नुसतं पातं घेतलं, टोकाला फडकं गुंडाळलं आणि बुश अन् त्याला धरणारी लोखंडी पट्टी यांच्या फटीत घालून बोल्ट कापायला लागला. चार बोल्टना दोन दिवस गेले. बोटं सोलवटली. तो दमला की पातं माझ्या हातात. त्यातला एक बोल्ट अर्धा मी कापला आहे, हे मी अजून भेटेल त्याला सांगते.

नवे बुश बसले, पण नट आवळण्याआधी त्याने गाडी जॅकवरून खाली घेतली. चाक लटकत असताना नट आवळला तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. गाडी आपल्या नेहमीच्या वजनावर बसली की मगच पाना लावायचा, हा त्याचा नेम. "तू बस गो आत," मला म्हणाला. वहिनी हौसेने शेजारी बसायला आली, तर तिला उतरवलं. "तू नको. ही एकटीच जातली. तिच्या एकटीच्या वजनार बसूंदे."

मला ते झोंबलं. लग्न जमलं नाही ते असं गाडीखालून ऐकवायचं? पंधरा दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. त्यानेही समजूत काढली नाही; ती कला त्याच्याकडे नव्हतीच. फार उशिरा माझ्या ध्यानात आलं... आई, वहिनी, हेडमास्तर, सगळे माझ्यासाठी जन्मभर सोबत शोधत राहिले. ही एकटी जाऊ शकते, असं धरून चालला तो फक्त भाई. हे त्याला तोंडावर सांगायचं राहिलं. माझाच ताठा, दुसरं काय.

गेल्या आठवड्यात पेडण्यात पुन्हा बुश बदलावे लागले. मिस्त्री बेळगावकडचे. ते जॅकवरच नट आवळायला निघाले, तेव्हा मी गाडी खाली घ्यायला लावली आणि आत जाऊन बसले. ऐकलं त्यांनी. मग रिकाम्या सीटकडे बघून विचारलं, "बाई, बाजूला एखादं पोतं ठेवू काय? तिकडं पण वजन पायजे की."

"काही नको," मी म्हटलं. "गाडीत मी एकटीच असते. आवळा."