व्ही की डब्ल्यू
मळीचा वास आला की आजही माझ्या तळहातांना घाम सुटतो. तेव्हा मी साखर कारखान्यात कॉम्प्युटरचं काम बघायचो. पुण्याहून आलेलं नवं सॉफ्टवेअर सकाळी बसवलं आणि चुडावा गावातल्या आमच्या वजनकाट्याच्या नोंदी उघडेनात. स्क्रीनवर एकच ओळ यायची, 'इनव्हॅलिड ऑब्जेक्ट नेम'. म्हणजे त्या काट्याचं टेबलच, नोंदींचा सगळा तक्ताच, नाही! काट्यावर मोजलेल्या सगळ्या उसाची वजनं त्यात होती. बाहेर ट्रॅक्टरांची रांग लागलेली, हॉर्न थांबत नव्हते. "साहेब, लय येळ झाला, काटा कवा चालू करायलात?" एक ड्रायव्हर खिडकीच्या जाळीला तोंड लावून ओरडला. मागच्या आठवड्यातला बॅकअप, म्हणजे नोंदींची जुनी प्रत, आताच्या नोंदींवर चढवायचा ठरवून मी बटणावर बोट ठेवलं. शेजारी मॅनेजर फोनवर पुणेकरांना गावाचं नाव सांगत होते, "अहो, सी एच यू डी ए डब्ल्यू ए! स्टेशनच्या पाटीवर हाय तसं." डब्ल्यू? नव्या सॉफ्टवेअरमध्ये तर टेबलाच्या नावात व्ही होता, आमच्या जुन्या नोंदींत डब्ल्यू. "टेबल जागेवरच हाय, आमी त्याला भलत्याच नावानं हाका मारायलोत!" मी ओरडलो. सगळे हसले. मला हसू आलं नाही. तो बॅकअप चढला असता तर आठवडाभराची वजनं खरोखरच पुसली गेली असती, आणि माझं बोट अजून बटणावरच होतं.