आधीचा व्हिडिओ

शिक्षकांच्या त्या समूहाचं नाव काढलं तरी आता क्रांतीबाईंच्या तोंडाला कडू पाणी सुटतं. कुणाला हे नाटक वाटत असेल तर त्यानं एक दिवस तो समूह उघडून बघावा. सकाळी उठल्यापासून मोबाईलवर नुसती फुलं, जोडलेले हात आणि अंगठे. ह्याचं प्रमाणपत्र, त्याचा सत्कार, तिसऱ्याचा फेटा बांधलेला फोटो. पोरं कुठंतरी मागं, उन्हात ओळीनं उभी.

सुरुवातीला असं नव्हतं, हेही सांगायला पाहिजे. क्रांती कांबळे मूळच्या कागलच्या. मलकापूरच्या पुढं डोंगराकडेच्या एका वाडीत दोनशिक्षकी शाळेवर त्या आठ वर्षं आहेत. अडलं तर विचारायला जवळ कुणी नाही. मुख्याध्यापक बाळासो गुरुजी भला माणूस, पण त्यांचा सगळा दिवस वर माहिती पाठवण्यात जायचा. अशा वेळी ह्या हजारभर शिक्षकांनीच त्यांना हात दिला. दहा काड्यांचा जुडगा सोडून हातच्याची वजाबाकी कशी शिकवायची, ते त्या तिथंच शिकल्या. कुणा अनोळखी बाईंनी साधा व्हिडिओ टाकला होता, स्वतःचं नावसुद्धा न घालता.

मग चौथीतल्या साक्षीचं झालं. बोलायला चुरूचुरू, पण पुस्तक पुढं आलं की पोरगी मुकी. क्रांतीबाईंनी पुस्तक बाजूला ठेवलं. साक्षीचे वडील कृष्णात रोज संस्थेत दूध घालायचे, त्याची पावती घरी यायची. बाईंनी ती पावती वाचायला लावली: दूध, म्हैस, लिटर, सकाळ. मग एसटीच्या पाट्या, खताची पोती, लग्नपत्रिका. दिवाळीनंतर एके दिवशी पोरीनं पत्रिकेतली सगळ्या काका-मामांची नावं एका दमात वाचून काढली, तेव्हा बाईंचे डोळे भरून आले.

एवढ्यावर थांबल्या असत्या तर काय बिघडलं असतं? पण नाही, समूहात टाकायची हौस. आणि तिथला रिवाज असा की नुसतं आलेलं यश कुणी बघत नाही, 'आधी' आणि 'नंतर' असे दोन तुकडे लागतात. आधी पोर कसं अडत होतं आणि नंतर कसं धावतंय. क्रांतीबाईंकडं 'आधी' नव्हतंच. जूनमध्ये पोरगी पुस्तकावर रडायची तेव्हा मोबाईल काढायचं त्यांना सुचलं नव्हतं, आणि तेच बरं होतं. जानेवारीत त्यांनी साक्षीला फळ्यापुढं उभं केलं, हातात पावती दिली आणि पहिल्यासारखं अडखळून दाखव म्हणाल्या. पोरगी हसली. बाईंसाठी काहीही करणारी लेक ती, अडखळली. बाई म्हणाल्या, अजून जरा. तिसऱ्या वेळेला झकास जमलं. त्यापुढं तिचं खरं, न अडखळता केलेलं वाचन 'नंतर' म्हणून जोडून बाईंनी व्हिडिओ समूहात टाकला.

तीनशे अंगठे आले. समूह चालवणाऱ्या धैर्यशील सरांचा स्वतः फोन आला, शहरात राजारामपुरीतल्या शिक्षकांच्या शिबिरात व्हिडिओ दाखवतो म्हणून. सरांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि बाई चढल्या.

शिबिराला त्या नवी साडी नेसून तिसऱ्या रांगेत बसल्या. पडद्यावर साक्षी आली, 'म्हैस'वर अडकली, सभागृहात खसखस पिकली. आणि व्हिडिओ तिथंच संपला. लगेच धैर्यशील सरांच्या शाळेतला एक मुलगा घडाघडा वाचताना दिसला, खाली सरांच्या पद्धतीचं नाव आणि सरांचा फोटो. 'आधी' बाईंचं, 'नंतर' सरांचं. वर टाळ्या. क्रांतीबाईंना वाटलं, उठून सांगावं, अहो, ही पोरगी वाचते. पण कुठल्या तोंडानं? पहिला तुकडा मुळात खोटा, आणि तो कुणी करवून घेतला ते त्यांनाच ठाऊक. गपगुमान चहा घेतला. एवढंच नाही, सरांनी बोलावलं तेव्हा त्यांच्या सेल्फीत हसत उभ्यासुद्धा राहिल्या. स्वतःची शिसारी येते म्हणजे काय, ते त्यांना त्या दिवशी कळलं.

पुढं कुणीतरी तेवढाच तुकडा उचलून पाठवला. खाली लिहिलं, बघा सरकारी शाळेतली चौथी. फिरत फिरत तो दूध संस्थेच्या ग्रुपवर आला. रांगेत उभी असलेली माणसं कृष्णातला विचारायला लागली, लेक म्हैस तरी वळखती का. आणि साक्षीनं वर्गात वाचायचं बंद केलं. तोंडच उघडेना. क्रांतीबाईंना आता दुसरं काही नको होतं. पोरीनं परत एकदा मोठ्यानं वाचावं, एवढंच.

चौथ्या दिवशी कृष्णात शाळेत आले, मागं साक्षी. बाईंनी धैर्यशील सरांनी व्हिडिओ कसा कापला ते सांगायला घेतलं. कृष्णातनी सगळं ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही.

"त्यो सर कोण, मला ठावं न्हाय. पोरगी म्हणती, बाईंनीच अडखळाय लावलं. व्हय का?"

क्रांतीबाई हो म्हणाल्या.

"वाचाय तुमीच शिकवलासा बाई. मग माझ्या लेकीला येत न्हाय असं दावून तुमाला काय घावलं?"

उत्तराला ते थांबले नाहीत. पोरीला वर्गात सोडून निघून गेले.

बाईंनी तिथंच बसून समूहात खरं ते लिहिलं. पहिला तुकडा मी मुद्दाम करवून घेतला, मुलगी छान वाचते, सगळ्यांनी तो व्हिडिओ काढून टाकावा. पाच मिनिटांत धैर्यशील सरांनी तो मजकूरच काढला आणि समूहाची शिस्त पाळा अशी सूचना टाकली. तेवढ्यात अकरा जणांनी बाईंना अंगठा दिला होता. वाचलं एकानंही नसणार. क्रांतीबाई समूहातून बाहेर पडल्या.

मधल्या सुट्टीनंतर त्यांनी साक्षीला जवळ बोलावलं, पुस्तक उघडून पुढं ठेवलं आणि वाच म्हणाल्या. पोरीनं आधी टेबलावर बघितलं, मग खिडकीत, मग बाईंच्या हाताकडं. मोबाईल कुठंच नव्हता. तिनं पानावर बोट ठेवलं आणि अगदी शहाण्यासारखं विचारलं,

"कसं वाचू बाई? येतंय तसं, का तुमाला पायजे तसं?"