आंबिलीचा झाकलेला पेला

या ग्रुपवर मी दोनेक वर्षं आहे. तुमचे सगळ्यांचे अनुभव वाचतो, आणि खरं सांगायचं तर बरेचदा हसतो. पिंपळाखालची बाई, गाडीला हात करणारा म्हातारा, आपोआप वाजणारं दार... दार वाजत असेल तर बिजागरीला तेल घाला, असं मी एकाला लिहिलंही होतं. त्याला राग आला होता. त्याची आज माफी मागतो, कारण आता मीच लिहायला बसलोय.

आधी ओळख. वय एकसष्ट. गाव वडूजपासून आठ-नऊ किलोमीटरवर, ज्वारी-बाजरीचा कोरडवाहू भाग. चोवीस वर्षं फौजेत होतो, पण हातात बंदूक कमी आणि पळी जास्त. मी लंगरचा, म्हणजे जवानांच्या भटारखान्याचा, कुक. शंभर-दीडशे माणसांचा स्वयंपाक, दोन्ही वेळा — वाळवंटात, बर्फात, कुठंही. पहारा देणाऱ्या मेलेल्या जवानांच्या गोष्टी फौजेत भरपूर चालतात. मी विचारायचो, तो जेवायला येतो का? नाही ना? मग माझ्या लेखी तो नाही.

एक गोष्ट मात्र आत्ताच सांगून ठेवतो, पुढे लागेल. माझी जीभ पक्की आहे. वाफेवरून डाळीत हळद कमी आहे हे सांगायचो. चवीच्या बाबतीत मला भास होत नाहीत.

बायकोचं नाव नलू. माहेर आटपाडीकडचं. हा ग्रुपसुद्धा मी तिच्यासाठीच फोनवर लावून घेतला होता, संध्याकाळी तिला गोष्टी वाचून दाखवायला. तिचा सगळ्यांवर विश्वास बसायचा.

नलूची आंबील ही गावात नाव घेण्यासारखी गोष्ट होती. आमच्याकडे उन्हाळ्यात घरोघरी आंबील होते. ज्वारीचं पीठ ताकात कालवून रात्रभर मडक्यात आंबवायचं, सकाळी उकळत्या पाण्यात शिजवायचं, गार झालं की ताक घालून पातळ करायचं, वर मीठ, जिरं, लसूण. बाकीच्या बाया लसूण कच्चा ठेचून घालतात. नलू तो सालासकट निखाऱ्यात भाजायची, एक बाजू जराशी करपेपर्यंत. ते करपणंच खरं. मी इतकी वर्षं पळी हलवली, पण ते मला साधलं नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात सुट्टीवर आलो तेव्हा बघितलं — स्वयंपाकघराच्या खिडकीत एक स्टीलचा पेला, वर ताटली झाकलेली. पेल्यावर माझं नाव कोरलेलं. वडूजच्या भांड्याच्या दुकानातून कोरून आणलं होतं म्हणे.

"ह्यो कुणाला?" मी विचारलं.

"तुमाला. तुमी तिकडं उन्हात असता न्हवं? रोज बाराच्या पुढं पैला पेला तुमच्या नावाचा भरून ठेवती. चव पोचती."

"कुठं पोचती?"

"तुमच्या तोंडात! माझी आई ठेवायची की. आण्णा गलाईच्या कामाला पार कानपुरात हुते, सोनं गाळायला. त्येंला पोचायची."

"पोचली म्हणून कोण सांगायचं तिला?"

"आण्णाच सांगायचे."

तो पेला ती संध्याकाळपर्यंत तसाच ठेवायची आणि दिवा लावायच्या आधी स्वतः प्यायची. त्यानंतर दर सुट्टीला, पिशवी खाली ठेवतो न ठेवतो तोच विचारायची, "आवं, पोचली का?" मी म्हणायचो, "पोस्टमनला विचार." ती हसायची. मीही हसायचो.

आणि पोचत होती. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय. उन्हाळ्याच्या दिवसांत, दुपारी साडेबाराच्या सुमारास, भट्टीसमोर उभा असताना एकदम तोंडात आंबट यायचं... आणि मागून तो करपलेला लसूण. दोन घोट गिळावेत एवढाच वेळ. पहिली काही वर्षं मी म्हटलं आठवण आहे, भूक आहे. घर सोडून राहिलेल्या माणसाला काय काय वाटतं.

मग ते तीन दिवस आले. राजस्थानात होतो, मे महिना. दुपारी डाळ ढवळतोय आणि तोंडात गूळ. आंबट कमी, लसूण अजिबात नाही, चक्क गूळ! मी जोडीदारावर ओरडलो, "दाल में गुड़ किसने डाला?" तो बिहारचा, शांत माणूस. डाळ चाखून म्हणाला, "उस्ताद, आपको लू लग गई है." मी भात चाखला, पाणी चाखलं. कशातच काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी पुन्हा लसूण. लंगरमध्ये पुढे महिनाभर "उस्ताद, गुड़ आया?" म्हणून माझी टर उडवत होते.

जुलैत घरी आलो. नलू भाकरी थापत होती, मी जेवायला बसलेलो. ती सहज म्हणाली, "मे म्हैन्यात मीनलचं तोंड आलं हुतं. आंबट लागलं की पोर रडायची. म्हून तीन दिस गूळ घालून आंबील केली, लसूण घाटला न्हाई. तुमचाबी पेला तसलाच भरला. गोड लागली काय वो?"

मीनल म्हणजे आमची एकुलती एक मुलगी. तेव्हा पाच वर्षांची होती. आमच्याकडे तेव्हा फोन नव्हता आणि त्या महिन्यात घरचं पत्रही आलेलं नव्हतं. माझा हात ताटातच थांबला.

आणि मी म्हणालो, "काय खुळ्यागत बोलतीस! हजार मैलांवर आंबील जाती व्हय?"

"बरं, न्हाई तर न्हाई," ती म्हणाली आणि दुसरी भाकरी घेतली.

का खोटं बोललो? घाबरलो, हे एक. पण तेवढंच नाही. चव येते असं कबूल केलं असतं, तर रोज साडेबाराला माझा जीव घराकडे लागलेला असतो हेही कबूल करावं लागलं असतं. मग सुट्टी संपल्यावर वडूजच्या स्टँडवर तिच्याकडे पाठ करून गाडीत चढणं मला जमलं नसतं. तेव्हा मला तो शहाणपणा वाटला होता.

रिटायर होऊन आलो, मग पेला खिडकीत ठेवायची गरजच उरली नाही. ती हातात द्यायची. तरी वर्षा-दोन वर्षांनी कधीतरी विचारायचीच. मी आपला पोस्टमन पुढे करायचो.

गेल्या दिवाळीनंतर ती आजारी पडली. साताऱ्याला दवाखान्यात ठेवलं होतं. एका दुपारी डोळे उघडून म्हणाली, "आता तरी खरं सांगा. पोचत हुती का न्हाई?"

मी म्हणालो, "घरी चल. आंबील करून घाल. मग सांगतो."

मला वाटलं, एवढ्या आमिषानं ती उठेल. "लय वस्ताद हाय तुमी," म्हणाली आणि डोळे मिटले. तिसऱ्या दिवशी ती गेली. उत्तर माझ्याकडेच राहिलं. बायको गेल्याचं दुःख पुष्कळांना असतं, पण मला रोज सकाळी उठवतं ते हे.

यंदा ऊन तापायला लागलं आणि मी ठरवलं, आंबील आपण करायची. पेला तिच्या नावाचा भरायचा, आणि सांगायचं.

आता दीडशे माणसांचा कुक म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, आंबील काय अवघड? पहिल्या दिवशी सवयीनं एवढं पीठ भिजवलं की सगळी आळी प्यायली तरी पातेलं संपेना. शेजारच्या शालन वहिनी दारात येऊन म्हणाल्या, "भावजी, लगीन हाय काय घरात?" शिवाय ती आंबलीच नव्हती. नुसती पिठाची पेज. कारण सुरू करायच्या आधी मी नलूचं मडकं गरम पाणी आणि साबण लावून, काथ्यानं घासून लख्ख केलं होतं. फौजेत भांडं असंच घासतात, इन्स्पेक्शन असतं.

शालन वहिनींनी मडक्यात नाक घातलं आणि माझ्याकडे बघितलं. "ह्याला साबण लावलासा?"

"व्हय."

"आवं भावजी... नलूताई ह्याला नुसतं पानी दाखवायच्या. समदं आंबट त्या मडक्यातच हुतं. त्येंचा हात हुता त्यात, त्यो धुतलासा की तुमी."

त्या बोलून गेल्या आणि मग त्यांनाच वाईट वाटलं. मी त्या दिवशी जेवलो नाही.

पण मडकं टाकलं नाही. रोज पीठ, रोज ताक. दोन आठवडे साबणाचा वास येत होता, मग गेला. हळूहळू आंबट धरायला लागलं. दुसरी अडचण मिठाची. लंगरमध्ये मीठ एकाच माणसानं टाकायचं असतं, नाहीतर दोघं टाकतात आणि दीडशे माणसं उपाशी राहतात. आमच्यात ते काम जोडीदाराकडे असायचं. घरी सुट्टीवर मी मटण केलं तरी मीठ नलूच टाकायची. "एवढं तरी माझ्या हातचं असू द्या," म्हणायची. त्यामुळे माझा हात मिठाकडे जातच नाही. फळीवर 'मीठ' अशी चिठ्ठी चिकटवली होती. ती वाफेनं पडली.

रोज दुपारी नलूचा पेला भरायचो, वर ताटली, खिडकीत ठेवायचो आणि मोठ्यानं म्हणायचो, "पोचत होती गं." संध्याकाळी तो पेला मीच प्यायचो. कुणाला सांगितलं नव्हतं, मीनलला तर नाहीच. ती सांगलीला असते, नवरा-बायको मिळून औषधाचं दुकान चालवतात. तिला सांगितलं असतं तर मला तिकडे घेऊन गेली असती.

मे महिन्यातला मंगळवार. त्या दिवशी मडक्यावरचं फडकं काढलं आणि वास आला... तोच.  लसूण चिमट्यात धरून भाजला, एक बाजू जराशी करपू दिली. ताक घालून ढवळलं, तर पळीवरून ती तशीच सुटत होती. मी चाखली नाही. कुकनं न चाखता ताट पुढे करायचं नसतं, पण पहिला पेला तिचा होता. भरला, झाकला, खिडकीत ठेवला. बारा पस्तीस झाले होते. नेहमीचं वाक्य म्हणालो आणि उंबऱ्यावर येऊन बसलो.

दहा मिनिटांत फोन वाजला. मीनल.

"पप्पा, हसू नका हं."

"काय झालं गं?"

"आत्ता गिऱ्हाइकाला गोळ्या देत हुते, तर तोंडात आंबील आली."

"आली म्हंजे?"

"चव आली. आईच्या आंबिलीची. त्यो भाजका लसूण, समदं तसंच. सकाळपास्नं मी नुसत्या च्यावर हाय पप्पा, डबाबी उघडला न्हाई." मग तिनं विचारलं, "तुमी केलीया काय आज?"

मी उंबऱ्यावरून उठलो.

"केली असली तर बघा जरा. मीठ न्हाई त्यात."

मी आत गेलो. पातेल्यातली पळीभर तोंडात घातली. आंबट बरोबर, लसूण बरोबर, जिरं बरोबर. मिठाचा कणसुद्धा नव्हता.

फोन चालूच होता. मी तिथंच ओट्याला टेकून तिला सगळं सांगितलं — कानपूर, राजस्थान, गूळ, दवाखाना. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आईला एकदाबी सांगितलं न्हाई तुमी?"

"न्हाई."

ती रडली. मीही रडलो, लपवत नाही.

आता तुम्ही म्हणाल, योगायोग. मीही स्वतःला तेच सांगून बघितलं. उन्हाळा आहे, पोरीला आईची आठवण आली असेल, बाप मीठ विसरतो हेही तिला ठाऊक आहे. पण ती साधी आठवण असती तर त्यात मीठ असतं. नलूच्या आंबिलीत मीठ नव्हतं असा एक दिवस गेला नाही. आणि मीठ नाही हे तिनं सांगेपर्यंत मलाच माहीत नव्हतं. पेला मी एकीच्या नावानं ठेवला, पोचला दुसरीला. का, कसा... मला कळत नाही. कुणाला कळत असेल तर खाली लिहा, मी या वेळी हसणार नाही.

माझ्या डोक्यातून जात नाही ते निराळंच. मीनलच्या तोंडात चव आली आणि तिनं गिऱ्हाईक ताटकळत ठेवून बापाला फोन लावला. मला चोवीस वर्षांत 'पोचली' एवढं एक पोस्टकार्ड टाकता आलं नाही.

आता खिडकीत दोन पेले असतात, मीठ घातलेले. मीनल दुपारी फोन करते. कधी म्हणते, "पोचली," कधी म्हणते, "आज न्हाई वो पप्पा." नलूच्या पेल्याचं काही कळत नाही. दिवा लावायची वेळ झाली की ताटली काढतो आणि तो मी पितो.