पिवळं मनगट

मला विचारायची खोड आहे. नागपूरला आई म्हणायची, हिला दुसऱ्याच्या वरातीत घुसून नवरदेवाचं शिक्षण विचारायचं असतं. पुढे याच खोडीवर पोट भरायला लागलं. कॅनडातल्या किचनरमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी टेस्टर आहे. दुसऱ्याने केलेलं काम घ्यायचं आणि ‘असं केलं तर काय होईल, तसं केलं तर काय होईल’ असं विचारत ते मोडेपर्यंत छळायचं. अशी बाई शेजारी म्हणून कोणालाच नको असते, तरी आमच्या शेजाऱ्याने मला पाच वर्षं सहन केलं.

त्याचं घर आणि आमचं घर एका भिंतीने जोडलेलं, ड्राइव्हवे दोघांत एक. तो आइस हॉकी खेळायचा, म्हणजे तीच त्याची नोकरी होती. हे कळल्यावर मी आधी गोंधळलेच. व्यावसायिक खेळाडू म्हणजे बंगला, गाड्या, जाहिराती असं माझं गणित. आणि हा छत्तीस वर्षांचा माणूस आमच्यासारखाच शनिवारी ग्रोसरीच्या पिशव्या दातांत धरून दाराची किल्ली शोधायचा. दातांतही पुढचे दोन खोटे होते, ते त्याने मला न विचारता सांगितलं. मी विचारणारच आहे हे एव्हाना त्याला कळलं होतं.

तो सेंटर होता. सेंटर म्हणजे नेमकं काय करतो, हे मी एका सकाळी शोव्हलने, म्हणजे फावड्याने, दारातला बर्फ उपसता उपसता विचारलं. त्याने माझ्या गाडीच्या बॉनेटवरच्या बर्फात बोटाने एक ठिपका काढला. खेळ थांबला की पुन्हा सुरू करायला दोन्ही संघांचे सेंटर अशा ठिपक्यावर समोरासमोर वाकून उभे राहतात. लाइन्समन, म्हणजे पंच, वरून रबराची काळी चकती टाकतो, ती म्हणजे पक. ती पडता क्षणी दोघांनी आपापल्या स्टिकने ती आपल्या माणसांकडे ओढायची. याला फेस-ऑफ म्हणतात. डोळ्याची पापणी लवायच्या आत सगळं संपतं.

“आणि मग?”

“मग बाकीचे खेळतात,” तो म्हणाला.

आमचं बोलणं इंग्रजीतच चालायचं, मी इथे मराठीत सांगते आहे. त्याचं करिअर मी असंच ड्राइव्हवेवर तुकड्यातुकड्याने काढून घेतलं. वडील हॅमिल्टनला पोलादाच्या कारखान्यात. अठराव्या वर्षी एका मोठ्या संघाने याला निवडलं, गल्लीत मिरवणूक निघायचीच बाकी होती. सगळ्यात वरच्या लीगमध्ये तो खेळला एकूण चार सामने. त्यानंतर खालच्या लीगांमध्ये अठरा वर्षं, कधी या गावात तर कधी त्या, दोन हिवाळे जर्मनीत, एक स्लोव्हाकियात. आता किचनरपासून तासाभरावरच्या एका छोट्या गावाच्या संघात.

“फक्त चार?” मी विचारून बसले. जीभ चावावी असा प्रश्न होता, पण त्याला राग आला नाही.

“चार. त्यात मी नऊ फेस-ऑफ घेतले. सहा जिंकले.”

अठरा वर्षांनंतरही त्याला ते नऊच्या नऊ आठवत होते. कोणासमोर, कुठल्या ठिपक्यावर, पक कुठे गेला. मला तो माणूस त्या दिवसापासून फार आवडायला लागला.

आता पाय मंदावले होते. संघाने त्याला ठेवलं होतं ते जवळजवळ फेस-ऑफपुरतंच. शेवटची दोन मिनिटं उरली, आपण एका गोलने पुढे आहोत आणि पक आपल्याच गोलजवळ आहे, की कोच त्याला पाठवणार. त्याने फेस-ऑफ जिंकायचा आणि परत येऊन बाकावर बसायचं. त्याच्याकडे एक वही होती. समोरच्या संघांतले सेंटर, झालंच तर लाइन्समनसुद्धा, सगळ्यांच्या लकबी तीत लिहिलेल्या. हा टाकण्याआधी श्वास रोखतो. हा डावीकडे ओढणार असला की खालच्या हाताची बोटं फिरवतो. ती वही पाहून मी म्हटलं, अरे, ही तर माझी बग-लिस्ट. माणसं कुठे मोडतात याची यादी करणारे आम्ही दोघं एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहत होतो.

जानेवारीत माझ्या लक्षात आलं की तो शोव्हल उलट्या हाताने धरतोय. डावरा माणूस, पण जोर सगळा उजव्यावर. मी अर्थातच विचारलं. त्याने आधी रस्त्याकडे पाहिलं, मग आमच्या खिडकीकडे, आणि शेवटी बाही वर केली. डावं मनगट पुरीसारखं फुगलं होतं. फेस-ऑफला स्टिकच्या टोकाशी असतो तो खालचा हात त्याचा डावा. म्हणजे जे काही होतं ते त्या मनगटातच होतं.

“कोणाला सांगू नकोस. कोचलाही माहीत नाही.”

मला हे झेपेना. आमच्याकडे कोणाला ठेच लागली तरी संध्याकाळपर्यंत चार घरी कळतं आणि पाचव्या घरून काढा येतो. त्याने समजावलं. यांच्यात दुखणं लपवायचं असतं. संघसुद्धा बाहेर सांगताना ‘कमरेच्या वरची दुखापत’ किंवा ‘कमरेच्या खालची’ एवढंच सांगतो. कारण नेमकी जागा कळली की समोरचे तिथेच मारतात. आणि याचं तर दुहेरी होतं. करार एप्रिलमध्ये संपणार होता. त्याच्या जागेवर डोळा ठेवून एक बावीस वर्षांचा सेंटर संघात आलेला होताच. याला विश्रांती दिली की तो ठिपक्यावर उभा राहणार, आणि मग याला परत कोण बोलावतो?

“मला अजून एक वर्ष हवंय,” तो म्हणाला. “एकच.”

त्याचं पुढचं वर्ष माझ्या डोक्यातून जाईना. संध्याकाळी मी आंबेहळद काढली, चिमूटभर मीठ, थोडं तेल घालून लोखंडी पळीत लेप गरम केला. नवरा म्हणाला, “घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं. अगं, त्यांच्याकडे प्रॉपर फिजिओ असतो. तू कशाला लायबिलिटी घेतेस?”

“फिजिओला सांगितलं तर कोचला कळेल.”

“आणि तुला सांगितलं तर कोणाला कळणार नाही?” हा टोमणा होता, पण खरा होता.

शेजारी मुकाट्याने आमच्या किचनमध्ये येऊन बसला. मनगटावर लेप घालताना माझ्या तोंडून सवयीने मराठीच निघालं, “दुखतंय का?” त्याने अर्थ विचारला, मी सांगितला. मग त्याने ‘नाही’ला काय म्हणतात ते विचारलं. तेव्हापासून आमचं ठरून गेलं. मी विचारायचं, “दुखतंय का?” आणि त्याने ओठ घट्ट मिटून, मग उघडून म्हणायचं, “नाही.” उच्चार छान होता. आठवड्याभरात सूज उतरली, आणि मी स्वतःवर इतकी खूश झाले की नागपूरला फोन करून आईला सांगितलं. नागपूर चालेल, असं मी मनाशी ठरवलं होतं.

त्याने आम्हाला एका सामन्याची दोन तिकिटं दिली. काचेला लागून खुर्च्या होत्या, त्याच्या ठिपक्याच्या अगदी समोर. तो पहिल्या फेस-ऑफला वाकला आणि मला ते दिसलं. हातमोजा आणि बाहीच्या मध्ये मनगटावर त्याने पांढरी टेप गुंडाळली होती. घामाने हळद टेपमधून वर आली होती. उजवी टेप पांढरीशुभ्र, डावी पिवळीधमक. संबंध बर्फावर दुसरं काही पिवळं नव्हतं.

नवऱ्याने हळूच विचारलं, “कुणाचे हात पिवळे केलेस तू?”

हळदीचा डाग जात नाही हे मला शेंबड्या वयापासून माहीत आहे. ओटा, पदर, नखं, सगळ्यांवर मी तो पाहिलेला. तरी दिवसभर सॉफ्टवेअरच्या चुका शोधणाऱ्या मला हे सुचलं नव्हतं. समोरचा सेंटर वाकला, त्याची नजर त्या मनगटावर अर्धा क्षण थांबली. पुढच्या फेस-ऑफला त्याची स्टिक पकला लागलीच नाही. ती सरळ त्या टेपवर बसली. त्याच्या पुढच्याला पुन्हा. आमचा माणूस चार वेळा हरला. शेवटच्या दोन मिनिटांत कोचने त्या बावीस वर्षांच्या पोराला पाठवलं. मी रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी ड्राइव्हवेवर त्याला गाठून मी सांगून टाकलं, चूक माझी आहे. तुझं वर्ष मी घालवलं. तो गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडत राहिला.

“अर्ध्या क्षणात पाहिलं त्याने,” तो शेवटी म्हणाला. “चांगला आहे तो. मीही तेच केलं असतं.” आणि घरात निघून गेला. माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं.

दोन दिवस मी भिंतीपलीकडचे आवाज ऐकत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. तो किचनमध्ये आला, नेहमीच्या खुर्चीवर बसला आणि त्याने टेबलावर उजवा हात ठेवला. चांगला हात.

“याला लाव,” तो म्हणाला. “भरपूर.”

मला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा मी इतकी हसले की पळी खाली ठेवावी लागली. त्या दिवसापासून डाव्या हाताचा लेप सुट्टीच्या दिवशीच लागे; मग लिंबू आणि भांड्यांचा साबण लावून आम्ही तो घासायचो, वरून काळी टेप. सामन्याआधी उजव्याला ताजी हळद. उजवं मनगट पिवळं केलं की समोरचे बिनचूक तिकडेच मारायचे, आणि डावा आपलं काम करायचा. तो रोज वहीत लिहायचा, कोणकोण फसला. मार्चअखेर उजवं मनगटही सुजलं, कारण मार खोटा नव्हता. मग मी दोन्हींना लेप घालायला लागले. “दुखतंय का?” “नाही.” “आणि हा?” “नाही.”

हंगामाचा शेवटचा सामना आम्ही घरी लॅपटॉपवर पाहिला. अकरा सेकंद उरले होते, एका गोलची आघाडी, पक आपल्याच गोलजवळ. कोचने त्याला पाठवलं. तो वाकला, पक पडला, आणि पुढच्याच क्षणी पक मागे, आपल्या माणसाकडे गेलेला होता. मी पुन्हा मागे नेऊन पाहिलं, तरी त्याने ते कसं केलं ते मला दिसलं नाही. नवरा खुर्चीतून उठून उभा राहिला होता. क्रिकेटशिवाय दुसऱ्या कशासाठी मी त्याला उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

एप्रिलमध्ये बर्फ वितळून ड्राइव्हवेवर नुसता चिखल होता. खिडकीतून मी त्याला फोनवर बोलताना पाहिलं. बोलत नव्हताच तो, ऐकत होता. एकदा मान हलवली, एकदा थँक यू म्हणाला. फोन खिशात ठेवून तो तिथेच उभा राहिला आणि मग आमच्या दाराशी आला. करार होणार नव्हता. ठिपक्यावर आता तो बावीस वर्षांचा उभा राहणार होता. फेस-ऑफची आपली वही त्याने त्या पोराला कालच देऊन टाकली होती.

मी पळी गॅसवर ठेवली. सामना नव्हता, सराव नव्हता, लपवायचं काही नव्हतं, पण दुसरं काही मला सुचलं नाही. तो त्याच्या खुर्चीवर बसला. लेप कोमट झाल्यावर मी सवयीने विचारलं, “दुखतंय का?”

त्याने ओठ मिटले, उघडले. मग त्याने मला विचारलं, “तुमच्या भाषेत ‘येस’ला काय म्हणतात?”

अख्ख्या हिवाळ्यात त्याला तो शब्द लागलाच नव्हता. मी सांगितला.

“हो,” तो म्हणाला, आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले.